उन्मेषचं ध्यान

सक्करदऱ्याच्या फ्लॅटमध्ये उन्मेष ढोबळे उलट्या कढईसारखं दिसणारं पोलादी वाद्य मांडीवर घेऊन बसला, तेव्हा वंदनाला वाटलं, नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा भांडी घासायला घेतली.

"कढई नाही वं, ध्यान आहे हे," उन्मेष म्हणाला. मनःशांतीच्या शिबिरातून तो नुकताच परतला होता. "सूर नाही, ताल नाही. डोळे मिटायचे अन् आतून येईल ते वाजवायचं."

उन्मेषची सगळी नोकरी विमा कंपनीच्या तक्रार विभागात गेली होती. त्यामुळे आतून जे आलं, ते भयंकर होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या मजल्यावरचे रुपरावजी बनियनवरच खाली आले. "काय ठोकून राहिला गा? नळ फुटला का?"

"काका, ठोकून नाही राहिलो. शांत होऊन राहिलो."

"हो ना शांत! पण मुकाट्यानं हो!"

शांत होणाऱ्या माणसाला अडवणार कोण? पोलिसांत सांगायचं तरी काय, शेजारी ध्यान करतो म्हणून? शेवटी इमारतीनं सभ्य मार्ग पत्करला. सकाळी पहिला ठोका पडला की लोक चपला घालून जवळच्या तलावाकडे पळत. खालच्या यमुताई तर चहाही न घेता निघत.

महिन्याभरात रुपरावजींची शुगर उतरली. यमुताई कठडा न धरता जिना चढू लागल्या. उन्मेषला मात्र शांतीचाही कंटाळा आला आणि त्यानं वाद्य माळ्यावर टाकलं. लगेच इमारत पुन्हा उन्हं वर येईपर्यंत घोरू लागली. शुगर चढली, गुडघे कुरकुरले.

मग एका संध्याकाळी रुपरावजी आणि यमुताई संत्रा बर्फीचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"बंद काहून केलं गा? चालू कर ना," रुपरावजी म्हणाले.

उन्मेषनं दोघांना आत घेतलं आणि डबा टेबलावर ठेवला. "तुम्हाले आवडत होतं?"

यमुताईंनी जरा विचार केला. "आता कसं सांगू बापा! ते ऐकलं का पाय घरात ठरतच नव्हते."

वंदना तोंडाला पदर लावून घाईघाईनं स्वयंपाकघरात गेली. उन्मेषला एवढी दाद आजवर कोणी दिली नव्हती.

"मंग मी घरात एकट्यानंच काहून वाजवू?" तो गहिवरून म्हणाला. "तुम्ही सगळे सकाळी तलावावर जमता म्हणे. उद्यापासून मी तिथंच येतो!"

रुपरावजींनी टेबलावरचा बर्फीचा डबा हळूच उचलून पुन्हा काखेत मारला.