लहानूअण्णांच्या बाथरूममध्ये

"आख्ख्या सिडकोत असं बाथरूम सापडायचं नाही!" मेथी निवडत बसलेल्या दीपमालाला नवनाथने ठणकावून सांगितलं. "शॉवर, गिझर, खालपासून वरपर्यंत टाइल्स! आणि साबणाला भिंतीतच कोनाडा. बाहेर काही लोंबकळायला नको."

"कोणत्या भिंतीत?"

"अण्णांच्या बाजूच्या."

मेथीची काडी दीपमालाच्या हातातच राहिली.

अण्णा म्हणजे शेजारचे लहानूअण्णा. नाव लहानू, पण दारातून येताना मान वाकवावी लागे असा देह. सगळी नोकरी तुरुंगाच्या पहाऱ्यावर गेलेली. माणूस निवृत्त झाला होता, आवाज झाला नव्हता! ते अंगणात नुसते खाकरले तरी गल्लीतली पोरं चेंडू तिथेच टाकून पळत. दोन्ही घरांना मधली भिंत एकच. अलीकडे नवनाथचं बाथरूम, पलीकडे अण्णांचं. नवनाथ पाटबंधाऱ्याच्या कचेरीत क्लार्क होता, आणि इतक्या वर्षांच्या शेजारात अण्णांशी त्याचं बोलणं 'हो अण्णा' आणि 'नाही अण्णा' याच्या पुढे गेलं नव्हतं.

पण नशिबाने अण्णा आणि त्यांची बायको बयाकाकू भाचीच्या लग्नाला कळवणला गेले होते, ते उद्या यायचे होते. नवनाथने रजा टाकली आणि केरू गवंड्याला बोलावलं.

केरूने भिंतीवर बोटाने टकटक केलं. "साहेब, चार इंची भिंत हाय. कोनाडा नाय बसायचा."

"प्लॅन मी काढलाय. तू मार!"

केरूने छिन्नी लावली आणि हातोडा हाणला. दुसऱ्या घावाला वीट दिसेनाशी झाली. ती अलीकडे पडली नव्हती. पलीकडून 'धाड' असा आवाज आला, एक बादली गडगडत गेली, मागोमाग टाइल्स फुटल्याचा खळखळाट झाला आणि मग सगळं शांत. भोकातून उजेड आला. नवनाथने डोळा लावला. समोर दांडीवर अण्णांचा पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा वाळत होता. लेंगा रिकामा होता, तरी नवनाथ दोन पावलं मागे सरला.

"केरू, आजच्या आज भिंत होती तशी झाली पाहिजे! कुणाला कळता कामा नये."

"विटा मी इकडून लावतो. पण टाइल पल्याडनं लावावी लागंल. तिकडं माणूस पाह्यजे."

"मग जा ना तू!"

"अण्णांच्या घरात? मला बायकापोरं हायती, साहेब!"

बायको तर नवनाथलाही होती, पण ते कोणी विचारात घेतलं नाही. स्कूटर पिटाळत तो द्वारका चौकात गेला, दुकानामागून दुकान पालथं घालत फिकट निळ्या, मधोमध फूल असलेल्या, अण्णांकडे होत्या तशाच टाइल्स घेऊन आला. तोवर केरूने भोक माणूस शिरेल एवढं करून ठेवलं होतं. नवनाथ थापी आणि सिमेंटचं घमेलं पुढे सारत आडवा होऊन आत घुसला.

आत शिरताच त्याने दार ढकलून पाहिलं. बाहेरून कडी! उंदीर-मांजर शिरू नये म्हणून बयाकाकू गावाला जाताना बाथरूमला कडी घालून जात. नवनाथला उलट बरंच वाटलं. म्हणजे घरात शिरल्याचा आळ यायला नको!

काम सुरू झालं. केरू पलीकडून विटांचा थर लावी, नवनाथ अलीकडून त्यावर टाइल चिकटवी. भीतीने हात इतके थरथरत होते की सिमेंट आपोआप सारखं पसरत होतं. शेवटची वीट बसली, शेवटची टाइल बसली. नवनाथने फडक्याने फुलं पुसली, मागे सरून पाहिलं आणि मनात म्हणाला, वा! भोक होतं हे ब्रह्मदेवालाही कळायचं नाही.

मग त्याने भिंतीकडे पाहिलं. मग दाराकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

भिंतीपलीकडे कपबश्यांचा आवाज झाला. दीपमाला चहा घेऊन आली होती.

"हे कुठे गेले?"

"आत हायेत," केरू म्हणाला.

"आणि बाहेर कसे येणार?"

केरूने आधी चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "ते साहेबांनी सांगितलं नाय."

"केरू!" नवनाथ भिंतीला तोंड लावून ओरडला. "फोड! पुन्हा फोड!"

केरूने हातोडा उचलला असेल-नसेल, तोच गल्लीत रिक्षा थांबली. पाठोपाठ खाकरल्याचा आवाज आला. अण्णा! एक दिवस आधीच!

पलीकडचा हातोडा खाली पडल्याचं नवनाथने ऐकलं. समोरचं कुलूप उघडल्याचं ऐकलं. चपलांचा आवाज जवळ येऊ लागला तसा तो कोपऱ्यात लेंग्यामागे जाऊन उभा राहिला. श्वास रोखून धरला. आणि नेमकी नाकात सिमेंटची धूळ गेली.

"आऽऽक् छी!"

चपला थबकल्या.

"अहो," बयाकाकूंचा आवाज चिरका झाला, "आत कोनीतरी शिंकलं!"

"येडी का खुळी तू? घराला कुलूप व्हतं, न्हाणीला बाहेरून कडी हाय. मानूस आत जाईल कुठून?"

"म्हनूनच म्हनते! मानूस न्हाईच ते!"

अण्णांच्या चपला एक पाऊल मागे सरकल्या. दरवडेखोरांना दरडावणारा आवाज पुन्हा आला तेव्हा तो अण्णांचाच आहे हे नवनाथला ओळखू येईना. "क... कोन हाय?"

आता लपण्यात अर्थ नव्हता. नवनाथच्या घशात सिमेंटची धूळ बसली होती, शब्द कुठल्या तरी विहिरीतून आल्यासारखे निघाले. "मी... नवनाथ..."

"अगं आई गं!" बयाकाकू किंचाळल्या. "नवनाथ गेला वाटतं! परवा तर धडधाकट व्हता हो!"

"नाही काकू, मी इथेच आहे..."

"पळ बये!" अण्णा ओरडले. चपला तिथेच राहिल्या आणि अनवाणी पावलं धाडधाड बाहेर गेली. नवनाथने दारावर मुठी आपटल्या, तशी ती आणखी जोरात पळाली.

पुढचं सगळं त्याला भिंतीतून ऐकावं लागलं. बयाकाकू त्याच्या घरात शिरल्या. घाबरून आधीच रडकुंडीला आलेली दीपमाला त्यांना पाहून खरंच रडायला लागली. मग काय! काकूंनी तिला पोटाशी धरून असा हंबरडा फोडला की सगळी गल्ली गोळा झाली.

"कसं झालं हो?"

"बाथरूमचं काम चाललं होतं म्हणे. शॉकच बसला असणार!"

"कधी कोणाच्या अध्यात नव्हता बिचारा!"

"कोणीतरी पीसीओवरून त्यांच्या कचेरीत कळवा रे!"

"अहो, मी जिवंत आहे!" नवनाथ ओरडला. पण रडारडीत कोण ऐकतंय? त्याने थापीने भिंतीवर ठोकलं. तिकडे क्षणभर चिडीचूप झालं, आणि कोणीतरी भीत भीत म्हणालं, "भिंतीतून आवाज आला!" दुसऱ्याच क्षणी गल्ली आली तशी पांगली.

उरला केरू. तो दारात उभ्या असलेल्या अण्णांसमोर हात जोडून म्हणाला, "अण्णा, साहेब मेले नाय. तुमच्या न्हाणीत हायेत. मीच बुजवलं त्यांना."

कडी निघाली. दारात अण्णा, मागे बयाकाकू, त्यांच्या मागे डोळे पुसणारी दीपमाला. नवनाथ डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटने पांढरा, हातात थापी, खांद्यावर अण्णांचा लेंगा. आता मार बसणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

मार बसला नाही. डोळे उघडले तर अण्णा दाराची चौकट धरून उभे होते. कपाळावरचा घाम अजून निथळत होता. त्यांनी नव्या टाइल्सवरून बोट फिरवलं आणि खोल आवाजात म्हणाले, "फुलं उलटी लावलीत."

"हो अण्णा," नवनाथ म्हणाला.

"अन् मी पळालो ते कुठं बोलायचं नाय."

"नाही अण्णा."

दीपमाला त्याचा हात धरून त्याला अण्णांच्या पुढच्या दाराने घरी घेऊन गेली. तिने त्याचा हात उंबरठा ओलांडल्यावरही बराच वेळ सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी नवनाथ वेळेवर कचेरीत गेला. शिपायाने त्याला पाहिलं आणि हातातला पाण्याचा तांब्या सोडून दिला. त्याच्या खुर्चीवर झेंडूचा हार होता. हेडक्लार्कांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि वैतागून म्हणाले,

"काल तुमच्यासाठी दोन मिनिटं उभे राहिलो आणि कचेरी सोडून दिली. सगळे दुपारीच घरी गेले. आता ही अर्धी रजा टाकायची कोणाच्या नावावर?"

नवनाथने हार उचलून टेबलाच्या खणात ठेवला.

"माझ्याच टाका, साहेब," तो खाली मान घालून म्हणाला.