आगीला बावीस इंच

शाबूमामा वर्तमानपत्र वाचायचे नाहीत, मोजायचे. बेळगावचा पेपर रामनगरच्या स्टँडवर उतरला, की पोस्टाच्या कट्ट्यावर पसरायचे, गळ्यातली शिंप्याची टेप त्यावर ताणायचे आणि आत मला ओरडून सांगायचे, "मंत्र्याचा हार अकरा इंच. रानातला माणूस अर्धा. लिव्ह!" मी पोस्टातला कारकून, तिकिटं सोडून त्यांच्या वहीत इंच लिहायचो.

धंद्यानं मामा शिंपी, पण एका साप्ताहिकात लिहायचे. लेख चालू असला की गावातल्या पोरांच्या चड्ड्या एका पायात आखूड येत. जुनं रान तोडून निलगिरी लावली आणि पेपरांनी हिरवाईचं कौतुक केलं, तेव्हा मामांनी लिहिलं, 'रांगेत उभं राहतंय ते रान नव्हे, ती कवायत.' हे वाक्य मी आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं.

कुणी काही बातमी सांगितली की त्यांचा एकच प्रश्न, "पायानं बघितलंस काय?"

एका उन्हाळ्यात मोठ्या दैनिकात छापून आलं, की अणशीकडच्या एका वाडीनं रान पेटवलं. चार जण धरले गेले. मामांनी मशीन झाकलं आणि चालत गेले. पाच दिवसांनी परतले ते तळ जळालेल्या चपला घालून. आग लाकूडतोडीच्या ठेकेदाराच्या तळावर लागली होती; त्याच्या माणसांनी तोडीचा पाला पेटवून दिला होता. मामांनी सगळं लिहिलं. आणि वाडीतल्या एकानं आदल्या वर्षी आपलं शेत भाजताना हद्दीबाहेरचं रान जाळलं होतं, तेही लिहिलं.

वाडीचा म्हातारा बुधवंत तणतणत दुकानात आला. "शाबू, तू आमचा का त्येंचा?"

"तुमचा हाय म्हणून तर लिवलं. हे दुसऱ्या कुणी उकरून काढलं, तर माझं खरंबी खोटं ठरंल."

साप्ताहिकानं लेख छापला, पण तो वाचणार किती? मामा मला घेऊन बेळगावला त्या दैनिकाच्या कचेरीत गेले. संपादकांच्या टेबलावर पेपर पसरला, टेप लावली.

"आगीला बावीस इंच दिलासा, साहेब. खुलाशाला किती?"

"जागा नाही हो."

"मग मी हितंच उभा ऱ्हातो. माझ्याएवढी तर जागा हुईल."

संध्याकाळपर्यंत उभे राहिले. शेवटी बातमीदाराला बोलावणं गेलं. मामांनी त्याला नेहमीचा प्रश्न विचारला. पोरसवदा बातमीदार मान खाली घालून म्हणाला, "नाही, फोनवर कळलं." संपादकांनी लेख मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी छापून आला. चौकशी झाली, चौघे सुटले. बुधवंत फणस घेऊन आला आणि दुकानात बसून राहिला. कॅसलरॉकला जाताना मी गाडीत अनोळखी माणसांनाही तो अंक दाखवला. "आमच्या गावचे," म्हणालो.

मामांचं मूळ गाव धरणात गेलेलं. तिथून उठवलेली माणसं रामनगरला आली, त्यांतलेच ते. जगभराच्या रानावर लिहिणाऱ्या या माणसानं त्या गावावर एक ओळही छापली नव्हती. मी एकदा विचारलंच.

"लिवलंय," ते म्हणाले. "पर धाडवत न्हाई. आपल्या घराचं लिवताना माझं मन एका अंगाला कलतं. मग माझ्यापरास त्यो बातमीदार काय वाईट हुता?"

त्यांनी पेटीतून एक कागद काढून दिला. मला वाटलं, शिव्या असतील. नव्हत्या. नुसती घरं होती, ओळीनं. कुणाचं घर, दारात कुठलं झाड, म्हशीचं नाव काय.

"मोठ्यानं वाच."

मी वाचू लागलो. मामा डोळे मिटून ऐकत होते. सातव्या-आठव्या घराला एका बाईचं नाव आलं, तेव्हा त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"सावकाश, बाबा. तिचं घर चढावर हुतं."