रेगे मागं उभे असतात

आमच्या रस्त्यावर रेग्यांच्या घरी इलेक्ट्रिशियन आला, की रेगे क्रिकेटची बॅट घेऊन त्याच्या मागं उभे राहतात. पायात गमबूट, हातात भांडी घासायचे गुलाबी रबरी मोजे, आणि उभे कशावर, तर मुंबईहून सामानात घालून आणलेल्या जेवायच्या पाटावर. इलेक्ट्रिशियन बिचारा कपाटात डोकं घालून बसलेला असतो, त्याला काय ठाऊक! तो पक्कड घ्यायला वळतो आणि बघतो तर हे.

बॅट मारायला नसते, सोडवायला असते. करंटला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, सुक्या लाकडानं बाजूला ढकलायचं असतं. हे मलाही कळतं. वाईजवळ माझी पिठाची गिरणी होती, सगळा जन्म मोटारीशेजारी गेला. करंट बसला तर हात झटकायचा, एक शिवी हासडायची आणि पुढचा डबा दळायला घ्यायचा, ही आमची रीत. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीची गरज पडली नाही. रेगे बी.ए. झालेले, मुंबईला गोदीच्या कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसलेले, आणि साधा बल्ब बदलायचा तर घराचा मेन स्विच बंद करून बायकोला तिथं पहाऱ्याला उभं करतात. शिक्षणानं माणूस शहाणा होतो असं म्हणणाऱ्यांनी एकदा इथं, सातासमुद्रापार, हॅमिल्टनला येऊन जावं.

इथं आम्ही दोघंही आलो ते मुलांच्या मागं. माझा मुलगा इथल्याच 'ते रापा' नावाच्या भागात दुधाच्या कारखान्यात आहे. रेग्यांची मुलगी मेघा इंजिनिअर, जावईही इंजिनिअर, आणि ते चौघं आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून मी रेग्यांना हौसेनं चहाला बोलावलं. आले, बसले, खिशातून टेस्टर काढला आणि आमचा टोस्टर तपासला. मग किटली तपासली. मग म्हणाले, "काही सांगता येत नाही, जाधव."

हे त्यांचं पालुपद. प्लगची वायर जरा वाकली असेल तर काही सांगता येत नाही. हीटर नवाकोरा, खोक्यातून काढलेलाही नसेल, तरी काही सांगता येत नाही. माझ्या सुनेनं, सीमानं, मला थंडीसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट आणलं. ते मी मिरवायला म्हणून रेग्यांना दाखवलं, तर गृहस्थ दोन पावलं मागं सरकले.

"अंगाखाली करंट अंथरून झोपता?"

"झोप फार छान लागते हो."

"लागेल. उठायचं काय करणार, ते सांगा."

गणपतीत आमच्याकडं आरती ऐन रंगात आली असताना मखराची माळ लुकलुकायला लागली. लुकलुकणारीच माळ होती ती, खास तेवढ्यासाठी घेतलेली. रेग्यांनी टाळ्या वाजवायच्या सोडून प्लग उपटला. उरलेली आरती निरांजनाच्या उजेडात झाली, आणि "आता कसं बरं वाटतं," असं वर ऐकून घ्यावं लागलं.

इलेक्ट्रिशियन ठरवणं म्हणजे तर त्यांच्याकडं स्थळ बघणंच. जाड पिवळी डिरेक्टरी मांडीवर, फोन कानाला. पहिला प्रश्न, "हाउ ओल्ड आर यू?" दुसरा, "मॅरिड?" तिसरा, "चिल्ड्रन? स्मॉल ऑर बिग?" पलीकडच्यानं लहान मुलं आहेत म्हणून सांगितलं, की "थँक यू" म्हणून फोन खाली.

मी एकदा विचारलं, "अहो, मुलगी द्यायचीय का त्याला?"

"लहान मुलांचा बाप नको."

"का पण?"

"नको म्हणजे नको."

त्यातून एखादा पास झालाच, तर काम सुरू करायच्या आधी त्याला सूचना: "कीप टॉकिंग, प्लीज." काम संपेपर्यंत बोलत राहायचं. इथला कारागीर मुळात दिवसभरात चार शब्द बोलणारा. होकार-नकारसुद्धा "येह, नाह" असा एकाच दमात उरकून मोकळा होतो. त्याला म्हणे बोलत राहा!

एक पोरगेलासा इलेक्ट्रिशियन ओव्हन बघायला आला होता. बोलता बोलता त्यानं मागं बघितलं. पाट, गमबूट, गुलाबी मोजे, बॅट. तो हळूच म्हणाला, "यू ऑल राइट, मेट?" रेगे त्याला धीर द्यायला म्हणाले, "डोन्ट वरी. आय ॲम हिअर फॉर यू." तो व्हॅन घेऊन गेला तो गेलाच. त्याचा स्क्रूड्रायव्हर अजून रेग्यांकडं आहे. दुसरा आला तो कुत्रं बरोबर घेऊन आला. त्यानंतर मात्र कुणी येईना. या गावचे इलेक्ट्रिशियन सामान घ्यायला एकाच दुकानात जातात, आणि आमच्याकडं गिरणीत जसं सगळ्या गावाचं कळायचं, तसं त्यांना तिथं कळतं.

रेग्यांना त्याचं काही नव्हतं. पण जुलैत, म्हणजे इथल्या हिवाळ्यात, गरम पाण्याच्या टाकीनं दगा दिला.

इथं ती टाकी घरातच एका कपाटात असते, विजेवर तापते. ऐन थंडीत, सकाळी गवतावर पांढरा थर बसतो अशा दिवसांत, ती गार पडली. आणि मेघा बाळंत होऊन दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून घरी यायची होती. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून न्हाऊ घालायचं म्हणजे किती पाणी लागतं, ते घरातल्या बायकांना विचारा. रेगेवहिनींनी चारही शेगड्यांवर पातेली चढवून बघितली. शेवटचं उकळेपर्यंत पहिलं कोमट.

रेगे सकाळपासून फोनवर होते. सगळीकडून नकार. एकानं तर नाव विचारायच्या आधीच, "तो बॅटवाला तूच ना?" म्हणून विचारलं. शेवटी वहिनी आमच्याकडं आल्या आणि सीमानं फोन लावायला घेतले. होता होता बॅरी नावाचा एक वयस्कर इलेक्ट्रिशियन तयार झाला. पण एका अटीवर. तो माणूस घराबाहेर पाहिजे, बॅट गॅरेजमध्ये पाहिजे, आणि कपाटाजवळ कुणी म्हणजे कुणी नको.

सीमा आणि मी निरोप घेऊन गेलो. रेग्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "मग नको."

"नको?" वहिनींच्या हातात पातेलं होतं, ते त्यांनी आदळलं. "अहो, उद्या पोरगी घरी येतेय! तो एवढासा जीव गार पाण्यानं न्हाणार?"

"मी तापवून देतो पाणी. लागेल तेवढं."

"उकळती पातेली घेऊन जिना चढणार तुम्ही? या गुडघ्यांनी?"

"शालू, त्याच्या मागे कुणी नसेल."

"त्यालाच नकोय मागे कुणी!"

रेगे माझ्याकडं वळले. "जाधव, तुम्ही उभे राहा. बॅट नको, नुसते उभे राहा."

"माझ्यानं व्हायचं नाही," मी म्हणालो. "मी गिरणी एकट्यानं चालवली. माझ्या मागं कुणी उभं नव्हतं, आणि मी कुणाच्या मागं उभा राहणार नाही. शिवाय तो नको म्हणालाय."

शेगड्यांवर पातेल्यांतलं पाणी खदखदत होतं. मग रेग्यांनी भिंतीला टेकवलेली बॅट उचलली, गॅरेजमध्ये ठेवून आले आणि म्हणाले, "खिडकी उघडी ठेवायची. एवढं त्याला सांग सीमा."

बॅरी आला. बाहेर धुकं, आणि हा हाफ पँटमध्ये. दाराशी बूट काढले, मोज्यातून अंगठा बाहेर. "किया ओरा," असा इथला नमस्कार केला, आत जाऊन मेन बंद केला आणि कपाटात शिरला. कपाटाशेजारच्या खिडकीखाली लाकडी पायरी आहे, तिच्यावर रेगे बसले. गमबूट घालूनच. मी शेजारी बसलो. मजा बघायला बसलो, खोटं कशाला बोलू.

"बॅरी! यू ओके?"

"येप."

जरा वेळानं परत, "बॅरी! ओके?"

"येप."

"तुमचा जावई आहे का हो तो?" मी म्हणालो. "जावयाचीसुद्धा इतकी चौकशी नसते."

रेग्यांचं लक्षच नव्हतं. चौथ्या का पाचव्या वेळेला बॅरी आतून वैतागून म्हणाला, "मेट, मी काम करू का बोलत बसू?" आणि पुढच्या हाकेला त्यानं ओ दिलीच नाही.

"बॅरी?" रेगे उठून उभे राहिले. "बॅरी!" आवाज असा चिरकला, की समोरच्या घरातली बाई पडद्यातून बघायला लागली.

"आहे, आहे!" आतून आलं. "बाबा रे, गप बस आता!"

तेवढ्यात आतल्या आत वहिनी बॅरीला चहा घेऊन गेल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं.

"सॉरी, बॅरी. हिज बिग ब्रदर... गणपती मंडप, लाइट वर्क. अप, ऑन लॅडर. माय हजबंड स्मॉल बॉय, होल्डिंग लॅडर. ही कॉल, दादा, दादा. ब्रदर नो आन्सर. ही थिंक, ब्रदर जोकिंग."

मग कपबशी वाजली आणि वहिनी स्वयंपाकघरात गेल्या.

रेगे काडीनं गमबुटावरचा चिखल काढायला लागले. गमबुटावर चिखल नव्हता. माझ्या तोंडाशी एक टोमणा आलेला होता, तो कुठला होता हे आता आठवत नाही.

आत थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग शिट्टी सुरू झाली. कुठलं गाणं ते देव जाणे. सुरात म्हणावं तर सूर नाही, पण मोठ्यानं, थेट खिडकीकडं तोंड करून वाजवल्यासारखी. टाकीच्या झाकणाचा खडखडाट झाला तरी शिट्टी, काही जड खाली पडलं तरी शिट्टी. रेगे पायरीवर बसले. हळूहळू पाठ भिंतीला टेकली. हा माणूस टेकून बसलेला मी पहिल्यांदाच बघितला.

आणि मध्येच शिट्टी थांबली.

मी वाट बघितली. काही नाही. मग माझं मलाच कळलं नाही, मी उठलो होतो आणि खिडकीत डोकं घालून ओरडत होतो, "ओ बॅरी! बॅरी!"

"सॉरी, सॉरी," आतून तोंडात काहीतरी धरल्यासारखा आवाज आला. "दातात स्क्रू होता." आणि लगेच शिट्टी.

मी वळलो. रेग्यांनी माझ्या कोटाची बाही धरली होती, आणि मला खाली ओढत होते.

"बसा, जाधव," ते म्हणाले. "आहे तो."