गुरुजी गेले!

शाळा घराच्या गॅलरीतून स्पष्ट दिसत होती. पटांगणातला मांडव दिसत होता, मांडवाखाली मुलांच्या रांगा दिसत होत्या, आणि नीट पाहिलं तर प्रमुख पाहुण्यांची रिकामी खुर्चीही दिसत होती. प्रमुख पाहुणे आत्माराम गुरुजी अजून काशीमिऱ्याच्या आपल्या घरात धोतराच्या निऱ्या सारख्या करत होते. भाषणाचा विषय होता, 'रस्ता कसा ओलांडावा'.

घर आणि शाळा यांच्या मध्ये फक्त हायवे होता. गुरुजी परळच्या शाळेतून निवृत्त होऊन इथे आले, तेव्हा तो नुसता रस्ता होता. आता त्याच्या मधोमध कमरेएवढा कठडा झाला होता. घराकडची बाजू मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची, शाळेकडची घोडबंदरला जाणाऱ्यांची. वहीत आपण दोन समांतर रेषा काढतो, अगदी तशा. समांतर रेषा एकमेकींना कधी मिळत नाहीत, हे गुरुजींनी जन्मभर फळ्यावर शिकवलं होतं. ते इतकं खरं असेल, याची त्यांना कल्पना नव्हती.

गावातली माणसं सरळ कठड्यावरून उड्या मारत. पण शाळेतली सगळी मुलं बघत असताना, त्या विषयावर बोलायला निघालेला माणूस उडी कशी मारणार? म्हणून जितेंद्र गाडी घेऊन आला होता. गुरुजींचा हा जुना विद्यार्थी. उशिरा येणाऱ्याने वर्गाच्या दाराबाहेर उभं राहायचं, हा गुरुजींचा नियम, आणि त्या दाराबाहेर सर्वांत जास्त उभा राहिलेला हाच.

"अहो, समोर तर आहे शाळा! गाडी कशाला?" गुरुजींच्या पत्नी मनोरमाबाई म्हणाल्या.

"काकू, प्रमुख पाहुणे पायी गेले तर कसं दिसेल? पुढच्या कटला यू मारतो की आलोच पलीकडे."

"कट म्हणजे काय रे, जितू?" गुरुजींनी विचारलं.

"वळण हो, गुरुजी."

"मग वळण म्हण."

जितेंद्रची जुनी फियाट मुंबईच्या दिशेने निघाली. पुढचं वळण आलं आणि तिथे सिमेंटचे ठोकळे आडवे टाकलेले दिसले. "काल तर उघडं होतं!" जितेंद्र म्हणाला. त्या पुढचं वळण दिसेपर्यंत फियाट एका ट्रकच्या मागे आणि दुसऱ्याच्या पुढे अडकली होती. ही रांग दहिसरच्या जकात नाक्याची आहे, हे नाका आल्यावरच कळलं.

"माल काय?" खिडकीशी आलेल्या माणसाने विचारलं.

"माल नाही, साहेब. गुरुजी आहेत."

"कुठून कुठे?"

"काशीमिऱ्याहून काशीमिऱ्याला."

त्या माणसाने वाकून मागची सीट पाहिली. मग त्याने डिकी उघडायला लावली. आत फक्त एक स्टेपनी निघाली.

नाक्यातून सुटल्यावर जितेंद्रने जरा वेग घेतला. "बोरिवलीच्या पुढे नक्की वळण आहे, गुरुजी. पुलाखाली." वळण खरोखरच पुलाखाली होतं. पण बाजूच्या बसने डावीकडे येऊच दिलं नाही, आणि वळण खाली राहून गाडी पुलावर चढली.

"गेलं!" जितेंद्र कळवळला. "सॉरी, गुरुजी. आता लई लांबून..."

गुरुजींचं लक्ष नव्हतं. उशीर झाला म्हणून मघापासून ते सारखे घड्याळ बघत होते. पण गाडी पुलाच्या माथ्यावर आली आणि ते घड्याळ विसरले. एका हाताला जंगलाचे हिरवे डोंगर. दुसऱ्या हाताला इमारतींच्या गच्च्या, त्यांच्यावरचे अँटेना, वाळत घातलेल्या चादरी. आणि मधून तो रस्ता, डांबराच्या पाटीवर पांढऱ्या रेघा ओढल्यासारखा. बस आपल्या रेघेत, टेम्पो आपल्या रेघेत. खालून एक रस्ता येतो, वेलांटीसारखा वर चढतो आणि मोठ्या रस्त्याला अलगद जाऊन मिळतो. कोणी कोणाला 'थांब' म्हणत नाही.

"जितू," गुरुजी हळूच म्हणाले, "हे माणसाने काढलंय? एवढं मोठं अक्षर? आणि कुठे खाडाखोड नाही!"

"गुरुजी, भाषण..."

"हो रे. चल, चल."

पुढे वळण मिळालं. गाडी शाळेकडच्या बाजूने परत आली. मुलांनी कुंपणावरून फियाट ओळखली आणि एका सुरात आरोळी ठोकली, "गुरुजी आले!" पण शाळेकडे वळणारा लहान रस्ता अलीकडेच फुटत होता, आणि तो मागे राहिला. फियाट मुलांसमोरून भुर्रकन घोडबंदरकडे निघून गेली.

"गुरुजी गेले!" सगळी शाळा जीव तोडून ओरडली.

गॅलरीत मनोरमाबाई उभ्या होत्या. नेमका मध्ये टँकर आल्यामुळे त्यांना गाडी दिसली नाही. त्याच्या आवाजात 'आले' ऐकू आलं नाही. 'गेले' मात्र आलं.

गॅसवर भात तसाच टाकून त्या खाली धावल्या. दार उघडंच राहिलं. कठड्याजवळ मुर्धा गावचा महिपत रिकामी टोपली घेऊन पलीकडे चालला होता.

"महिपत, अरे, गुरुजी गेले म्हणतात रे!"

"कंदी? सकाळी तं बोलले माझ्याशी! रडू नको, काकी. हात दे. आसा पाय टाक. काय व्हत न्हाय." महिपतने गाड्यांना हात दाखवला आणि सगळ्या शाळेच्या डोळ्यांदेखत काकी कठड्यावरून पलीकडे उतरल्या.

इकडे फियाट घोडबंदरच्या फाट्यावरून वळून घरावरून गेली. "दार उघडं टाकून ही कुठे गेली?" गुरुजी पुटपुटले. या खेपेला नाक्याच्या अलीकडेच वळण मिळालं, आणि लहान रस्ताही चुकला नाही.

मांडवात शिरताना गुरुजी थबकले. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर मनोरमाबाई बसल्या होत्या, आणि मुख्याध्यापिका संघप्रियाबाई त्यांना पाणी पाजत होत्या. गुरुजी मांडवाच्या दाराबाहेरच उभे राहिले. सवयीने जितेंद्रही शेजारी उभा राहिला.

"आत येऊ का, बाई?"

"उशीर का झाला?" पहिल्या रांगेतल्या एका चिमुरडीने दरडावून विचारलं.

"वळण चुकलं," गुरुजी म्हणाले.

"अहो, जिवंत आहात तर!" मनोरमाबाई आधी रडल्या, मग भडकल्या. "भात करपला असेल माझा!"

भाषण झालं. "तर मुलांनो, रस्ता कसा ओलांडायचा?" गुरुजींनी विचारलं, तेव्हा सगळे हात एकदम वर झाले. "काकूंसारखा नाही!" काकूंनी पदर तोंडाला लावला. मग गुरुजींनी खडू घेतला आणि पूल काढला. वेलांटी काढली. मुलं माना उंचावून बघत राहिली, आणि त्यांच्यामागे मनोरमाबाईही.

"खरंच असं आहे?" बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं.

"माझ्याने नीट काढता नाही आलं. बस गाडीत."

"घर समोर तर आहे! गॅस चालू आहे, अहो!"

"आधी गॅस बंद करू," गुरुजी जितेंद्रशेजारी बसत म्हणाले. "मग जितू, सरळ पुलाकडे घे. आणि आज वळण दिसलं, तरी वळू नकोस."