कपाला थापा मारणारे हरड सर

हरड सर चहा घेण्याआधी रिकामा कप उपडा करून त्याच्या बुडाला दोन थापा मारीत. कप समोरच धुतलेला असला तरी. शहापूर स्टँडजवळचा चहावाला वैतागून विचारी, "सर, आतून उंदीर पडनार हाय का?"

सर शांतपणे म्हणत, "आधीच्याचं काय राह्यलं नाय ना, ते बघतो."

त्यांचे वडील धसईच्या बाजारात मापाडी होते. एकाचं भात मोजून झालं की पायली उपडी करून थापटायची, मगच दुसऱ्याच्या राशीला लावायची, असा त्यांचा नेम. मी ऐकून हसत असे.

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. नोकरी दिली ती सरांनी, शहापुरातल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात. तिथे एका संस्थेचं वसतिगृह प्रवेशाचं काम आलं. प्रवेशाचे नियम संगणकात भरलेले. प्रत्येक अर्जासाठी सेशन, म्हणजे संगणकातलं त्या अर्जापुरतं कोरं पान, उघडायचं, माहिती टाकायची, नियम लावून 'पात्र' की 'अपात्र' ते आलं की सेशन बंद करायचं. या उघडझापीत फार वेळ जातो असं वाटून मी एकच सेशन उघडं ठेवलं आणि सगळे अर्ज त्यातूनच काढले. काम भराभर उरकलं. मी खूश.

यादी संध्याकाळी पाचला लागणार होती. दुपारी धसईहून एक मजूर आला. संस्थेत चौकशी केल्यावर त्याला कळलं होतं, की त्याची मुलगी अपात्र ठरली आहे. कारण, वडील सरकारी नोकरीत.

"साहेब," तो म्हणाला, "ती नोकरी मला पन दाखवा की."

मी तिचा अर्ज पुन्हा उघडून पाहिला. तिच्या आधीचा अर्ज एका सरकारी कारकुनाच्या मुलाचा होता. त्याची माहिती सेशनमध्ये तशीच राहिली होती. अशा किती मुलांच्या जागा मी घालवल्या असतील? मी मनातल्या मनात राजीनामा लिहू लागलो.

सर रागावले नाहीत. "पायली उलटी केली नाय तू," एवढंच म्हणाले. मग शेजारी बसून त्यांनी दाखवलं, की वेळ खात होतं ते दर अर्जाला सगळे नियम नव्याने वाचणं. नियम एकदाच वाचून ठेवायचे; सेशन मात्र दर अर्जाला कोरं, आणि काम झालं की बंद. सगळे अर्ज आम्ही पुन्हा चालवले. पाचला दहा कमी असताना त्या मुलीपुढे 'पात्र' उमटलं. सर तिच्या वडिलांना धसईच्या गाडीत बसवून आले.

रविवारी मी माफी मागायला सापगावला त्यांच्या घरी गेलो. सर एकटेच राहत. ते चहा ठेवायला आत गेले, तेव्हा फळीवर जुनी पायली दिसली, भाताने भरलेली, वर धुळीचा थर. सरांच्या घरी आणि भरलेली पायली! त्यांना बरं वाटेल म्हणून मी ती शेजारच्या सुपात उपडी करायला उचलली.

मागून येऊन त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती नको रे. ती भरून बा खाली बसला, तो उठला नाय."

पायली त्यांनी हलकेच जागेवर ठेवली. मग दोन कप आणले आणि उपडे न करताच त्यांत चहा ओतला.