माळरान बॉईजचा पहिला कार्यक्रम

“अख्ख्या महाराष्ट्रात कंट्री रॉकचा पहिला बँड निघणार तो आपल्या इंदापूर तालुक्यातनं! लिहून ठिवा!” सूरजनं ही घोषणा केली तेव्हा ऐकायला वडील तात्याबा आणि गोठ्यातली म्हैस एवढीच मंडळी होती. म्हशीनं निदान कान तरी हलवला.

हे खूळ आलं वालचंदनगरच्या क्वार्टरमधून. तिथले एक इंजिनियर साहेब बिऱ्हाड हलवताना जुनी गिटार आणि खोकंभर अमेरिकन कॅसेटी सूरजला देऊन गेले. इंग्रजी त्याला जेमतेम कळायचं, पण मर्म त्यानं बरोबर हेरलं. डोक्यावर टोपी घातलेला गडी माळावर गुरं राखतो, घरापासून लांब असतो आणि आठवण आली की गळा काढतो.

“आयला, हे तर आपल्यासारखं धनगरच की!” सूरज उडालाच. झालं, त्याच दिवशी बँडचा नारळ फुटला.

बारामतीचा मुजम्मिल ड्रम घेऊन आला. त्याच्या वडिलांचा, सरदारभाईंचा, लग्नाचा बँड होता, त्यामुळं सोनेरी झुपक्यांचे लाल कोटही फुकटात आले. गजढोलाला चुलतभाऊ जोतीराम. त्याला ठेका एकच यायचा, बिरोबापुढं वाजवायचा, पण तो असा वाजवायचा की पायाखालची जमीन हलावी! बँडचं नाव ठरलं ‘माळरान बॉईज’. बँड अगदी स्वतंत्र होता. म्हणजे कुणी बोलावतच नव्हतं.

शेवटी तात्याबानं अट घातली. “गावच्या गणपतीत एक कार्यक्रम करा. लोकं शेवटपर्यंत बसली तर खुशाल वाजवत फिर. उठून गेली तर गिटार माळ्यावर, आन तू लोणी देवकरच्या फॅक्टरीत. म्या सायबाला शब्द दिलाय!”

सूरजची झोप उडाली. त्यानं बारामतीला सरदारभाईंच्या गोदामात तालमी लावल्या. तिथं ऐकायला होते फक्त वरातीचे दिवे आणि पोचे आलेली पिपाणी. जोतीरामचा तो बिरोबाचा ठेका मुळात कशासाठी वाजवतात, हा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही.

कार्यक्रमाला सगळा गाव लोटला. लाल कोट, वर टोप्या! बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. सूरजनं डोळे मिटून स्वतःचं इंग्रजी गाणं सुरू केलं. पहिलं कडवं लोकांनी सहन केलं. दुसऱ्याला जांभया आल्या. तिसऱ्याला मागची रांग धोतर झटकत उठायला लागली.

सूरजच्या डोळ्यांपुढं फॅक्टरीचं गेट उभं राहिलं. “जोत्या, हाण!” तो ओरडला.

जोतीरामनं हाणला. आणि पहिल्याच खुर्चीवर डुलक्या घेणारे डेअरीचे चेअरमन दादासाहेब ताडकन उठले! अंग थरथरायला लागलं, टोपी एकीकडं, चष्मा एकीकडं.

“देव आला! दादासाहेबांच्या अंगात देव आला!” बायकांतनं सरुबाई ओरडली. “आरं, ढोल थांबवू नगा! कपाळाला भंडारा लागंस्तवर थांबायचं न्हाय! कुणीतरी देवळातनं भंडारा आणा रं!”

उठलेली रांग हात जोडून खाली बसली. देव उभा असताना जाणार कोण?

“सूरज, गाणं संपलं की!” मुजम्मिल ड्रम बडवत ओरडला.

“पुन्यांदा घ्या!”

पुन्यांदाही संपलं. देऊळ गावाबाहेर, भंडाऱ्याचा पत्ता नाही! सूरजला इंग्रजी आठवेना, मराठी सुचेना.

तेवढ्यात त्याला कोपर लागलं. तात्याबा! स्टेजवर चढून त्यांनी पोराला बाजूला सारलं, कानावर हात ठेवला आणि ओवी उचलली.

सूरजच्या अंगावर सरसरून काटा आला. मेंढरं विकली त्या वर्षी बापानं गाणं सोडलं होतं. तेव्हा सूरज पाळण्यात होता. हा आवाज त्यानं जन्मात ऐकला नव्हता! नीरेच्या काठचा तळ, चुकलेलं कोकरू, पावसाची वाट बघणारा एकटा मेंढका, सगळं त्या आवाजात उभं राहिलं. लहान पोरंसुद्धा रडायची थांबली. सूरजची बोटं आपोआप गिटारीवर फिरायला लागली आणि नवल म्हणजे सूर लागत गेले. एवढा मोठा गवई आपल्याच घरात रोज भाकरी कुस्करून खातोय आणि आपण इंजिनियरच्या कॅसेटी ऐकतोय! त्यानं मनातल्या मनात बापाच्या पायांवर डोकं ठेवलं.

भंडारा आला, दादासाहेब शांत झाले. लोकांनी स्टेजवर इतका भंडारा उधळला की मुजम्मिलचा ड्रम पिवळाधमक झाला. एक माणूस उठून गेला नव्हता. सूरज पैज जिंकला होता!

कार्यक्रम बघून गेलेला सुप्याचा एक पाहुणा सकाळी जीप घेऊन दारात हजर. “आमच्या जत्रंला तुमचा बँड पायजे!”

सूरज छाती काढून पुढं झाला. “बोला की! बँड माझाच हाय.”

पाहुण्यानं त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. “तात्याबा पायजेत, ढोलवाला पायजे. ड्रमवाला बी चालंल. पर त्यो गिटार खाजवत हुबा राहणारा न्हाय आला तरी चालंल. जीपमदी जागा न्हाय.”

सूरजनं बापाकडं पाहिलं. तात्याबानं मिशीवरून हात फिरवला.

“न्हाय पाव्हणं, त्याला आणाय लागंल,” ते म्हणाले. “नायतर एवढ्या वायरी कोण गुंडाळणार?”