वेंकोबरावांचा ब्रायडल शॉवर

वेंकोबरावांनी माझ्या इडलीची जाडी व्हर्निअर कॅलिपर लावून मोजली, त्या दिवशीच मी कानाला खडा लावला होता. इडल्या मी शेजारधर्म म्हणून पाठवल्या होत्या. अर्ध्या तासानं ते डबा परत करायला आले आणि दारातच म्हणाले, "चव ओके. पण मधे अठ्ठावीस मिलिमीटर, कडेला अकरा. चार इडल्या, चार मापं. साचा बदला." डबा स्वच्छ धुतलेला होता आणि झाकणावर पिवळा गोल स्टिकर होता. पिवळा म्हणजे माल रोखून ठेवा. लाल म्हणजे रद्द. हिरवा आमच्या मजल्यावर अजून कुणाला मिळालेला नाही.

मैलापूरच्या आमच्या इमारतीत त्यांचं दार माझ्या दारासमोर आहे. हे तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात गेल्या, पण घरात मराठीच. जुनी, तमिळ हेल काढून बोललेली. मी सांगलीची. पहिल्याच भेटीत त्यांनी मला ऐकवलं होतं, "तुमची मराठी फार नवी हाय." श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात पंचवीस वर्षं ते तपासनीस होते. पहाटे कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. कारखान्यानं त्यांना निवृत्त केलं, म्हणून ते आमच्या वाट्याला आले. ऑटोवाल्यानं वेगळी गल्ली घेतली, भाजीवालीनं कोथिंबिरीची जुडी बारीक बांधली, की यांचा प्रश्न एकच: "ड्रॉइंगात हाय का?" म्हणजे मापांच्या नकाशात आधी आखलेलं आहे का.

त्यांची मुलगी वैदेही बंगळुरूला नोकरी करते. लग्न ठरल्यावर तिनं मला फोन केला. "अक्का, ब्रायडल शॉवर करायचाय. व्हिन्टेज थीम. अप्पांच्याच घरी, फक्त बायका. तुम्ही कराल ना?" म्हणजे आपलं केळवणच, फक्त जेवणापेक्षा सजावट आणि खेळ जास्त. सोबत फोटो आले. लेसचे पडदे, लेसची छत्री, मोत्यांच्या माळा, गुलाबाच्या नक्षीचे कप. मी हौसेनं हो म्हटलं. आणि मूर्खासारखे ते फोटो वेंकोबरावांना दाखवले.

"व्हिन्टेज म्हणजे कोणत्या सालचं?"

"जुनं हो. साधारण जुनं."

"साधारण? प्लस-मायनस किती?"

त्यांनी चष्मा कपाळावर चढवून छत्रीकडे बोट दाखवलं. "ही कोणाची अजी? माझी अजी असली छत्री घेऊन बसली नाही. वैदेहीच्या अजीचं लग्न झालं ते विलायतेत नाही. रिजेक्ट."

दुसऱ्या दिवशी त्यांनी हॉलचं ड्रॉइंग आणलं. खरोखरचं ड्रॉइंग, ट्रेसिंग पेपरवर, तीन बाजूंनी! फुलांची माळ मधोमध किती सेंटिमीटर लोंबावी याचंही माप त्यात होतं. केकसाठी स्टँड भाड्यानं आणायचा माझा बेत रद्द झाला. नवरात्रात बाहुल्या मांडतात त्या गोलूच्या पायऱ्या माळ्यावरून खाली आल्या. मोत्यांच्या जागी अबोली आणि मोगरा. नक्षीच्या कपांऐवजी कॉफीचे पितळेचे डवरा-टंबलर. आणि कोपऱ्यात प्लास्टिकच्या वायरची विणलेली पिशवी, जी पूर्वी इथल्या प्रत्येक घरातून बाजारात जायची. मी स्टुलावर चढून माळा बांधत होते आणि हे खालून टेप घेऊन ओरडत होते, "डावी बाजू दोन सेंटिमीटर खाली!" मी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात पंधरा माणसांची टीम सांभाळते. तिथे माझ्याशी असं बोलायची कुणाची टाप नाही.

माझ्या रागाचा कडेलोट निमंत्रणांवरून झाला. बावीस कार्डं मी रविवारची सकाळ घालवून चहात बुडवली, जुन्या कागदाचा रंग यावा म्हणून, आणि गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली. संध्याकाळी आणायला गेले तर बावीसच्या बावीस कार्डांवर लाल ठिपका.

"नवीन माल जुना म्हणून देणं हे फसवणूक हाय," ते शांतपणे म्हणाले. आणि पिवळ्या पडलेल्या कागदांचा गठ्ठा त्यांनी माझ्या हातात ठेवला. कारखान्याचे कोरे तपासणी फॉर्म होते. "हा कागद आपणहून पिवळा झालाय. ह्याच्या पाठीवर छापा."

मग मात्र मी बोलले. गच्चीवर, सगळ्या बिऱ्हाडांना ऐकू जाईल अशा आवाजात. हा बायकांचा कार्यक्रम आहे, तुम्हाला त्यात बोलावलेलंही नाही, मग तुमचं काय अडलंय?

त्यांनी ते ऐकून घेतलं. मग दोरीवरचे चिमटे एकेक करून काढायला लागले. "वैदेहीची अम्मा असती तर तिनं अस्कं, सगळं केलं असतं," ते म्हणाले. "पोरगी सहावीत होती तेव्हा ती गेली. मी शिफ्टवर. त्रिचीला होस्टेलात ठेवलं पोरीला. आता एक वस्तू तरी कमी पडाया नक्को, इतकंच."

मी ते फॉर्म छापून आणले. निमंत्रणं वैदेहीच्या मैत्रिणींना इतकी आवडली की त्यांनी त्यांचे फोटो सगळीकडे फिरवले. त्याचाही मला रागच आला.

खेळांतही त्यांचं डोकं होतंच. नवरीला कागदात गुंडाळून पोशाख करायचा खेळ त्यांनी "कोणता कागद?" असं विचारून, टॉयलेटचा हे कळताच बाद केला आणि तिथे स्टॉपवॉच लावून गजरे ओवायची शर्यत आली. एकच खेळ वाचला: नवरीला सर्वांत जास्त कोण ओळखतं? दहा प्रश्न, मैत्रिणींनी उत्तरं लिहायची. मी म्हटलं, बरोबर उत्तरं वैदेहीकडून मागवते.

"जो माल तपासायचा, त्यालाच विचारायचं?" ते दुखावलेच. "मी बाप हाय. उत्तरं मी देतों." त्यांनी सही केलेला, सीलबंद लिफाफा माझ्याकडे दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल देखणा दिसत होता, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. बंगळुरूहून वैदेही आणि तिच्या मैत्रिणी आल्या, गजऱ्यांची शर्यत रंगली. वेंकोबराव ठरल्याप्रमाणे स्वयंपाकघरात, पडद्याआड, कॉफी गाळत होते. मी लिफाफा फोडला.

"वैदेहीचा आवडता पदार्थ?"

"बिर्याणी!" सगळ्या ओरडल्या.

मी कागद वाचला. "दहीभात. वर डाळिंबाचे दाणे. लोणचं वेगळ्या वाटीत."

हशा झाला. पुढचा प्रश्न, आवडता रंग. मैत्रिणींचं उत्तर काळा. कागदावर जांभळा. भीती कशाची वाटते? मैत्रिणी म्हणाल्या, तिच्या मॅनेजरची. कागदावर लिहिलं होतं, "मिक्सरचा आवाज. लावण्याआधी सांगावं." मोठेपणी काय व्हायचंय? "कंपनीच्या बसची ड्रायव्हर. म्हणजे अप्पांच्या सोबत जाता येईल."

"ही कुठली मुलगी?" एक जण हसून हसून डोळे पुसत म्हणाली. "लिफाफा बदललाय!"

मला एकदम कळलं. लिफाफा बदललेला नव्हता. ही सहावीतली वैदेही होती. पुढची त्यांनी फक्त सुट्ट्यांत पाहिली होती, आणि विचारायचं नाही हा तर त्यांचा नियम. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. वेंकोबराव पडद्यापाशी उभे होते, हातात कॉफीचा टंबलर तसाच.

"उत्तरं बरोबर आहेत," वैदेही मोठ्यानं म्हणाली. "कुणालाच मार्क नाहीत."

"नक्को मा," ते म्हणाले. "खोटा रिपोर्ट नक्को." आणि ते बायकांच्या त्या घोळक्यात येऊन जमिनीवर बसले. माझ्या हातातून कागद घेतला, खिशातली पेन्सिल काढली, पहिलं उत्तर नीट एका रेघेनं खोडलं. "पहिला प्रश्न. आता काय आवडतं तुला?"

वैदेही सांगत गेली, ते लिहीत गेले. बिर्याणी. काळा. मॅनेजरचं नाव काय, हेही त्यांनी विचारून घेतलं. दहाव्या उत्तरापाशी माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि त्याचाही मला संताप येत होता. या माणसानं मला महिनाभर छळलं होतं.

ते उठायला लागले तेव्हा वैदेहीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. कागद आणि पेन्सिल स्वतःकडे घेतली.

"आता तुमी सांगा अप्पा. पहिला प्रश्न. तुमाला काय आवडतं?"

ज्यांच्याकडे माझ्या इडलीपासून सगळ्या जगाचं माप तयार असतं, त्या वेंकोबरावांचा हात पेन्सिलीसाठी खिशाकडे गेला; पेन्सिल तिच्याकडे होती.

"हे कोणी विचारलंच नाही मा," ते म्हणाले. "थांब. आठवतों."